दौलतगंज, दुसरा मजला

नानांच्या वेळी इथे अकरा रेमिंग्टन होत्या.
आता सात संगणक, त्यांतले पाच चालू,
आणि एक रेमिंग्टन खिडकीपाशी.
तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवत नाही कुणी,
एवढाच काय तो मान.

भिंतीवरचा बोटांचा तक्ता मात्र तोच.
करंगळीखाली एक अक्षर, अनामिकेखाली एक,
अंगठे फक्त मोकळ्या जागेसाठी.
सीपीसीटीवाली मुलं अजून त्याच्याकडे चोरून बघत
हिंदी बडवतात.
नाना म्हणायचे, नजर कागदावर.
मी म्हणते, नजर स्क्रीनवर.
बाकी फरक नाही, फी सोडून.

चार वाजता इमरती येते,
अंगणवाडीतलं खिचडीचं पातेलं घासून,
हात पदराला तीनदा पुसून.
पहिल्या दिवशी तिनं माऊस उचलून
हवेत फिरवला होता, नजर उतरवल्यासारखा.
"ये तो चल ही नहीं रहा, मैडम."
मी हसले नाही.
हसले. खोटं कशाला.

दोन टिचक्या, मध्ये श्वास घ्यायचा नाही, असं शिकवलं.
तिच्या पहिल्या टिचकीत आणि दुसरीत
एक अख्खा संशय मावायचा.
पंधरा दिवसांनी अर्धा.
मग एका गुरुवारी फोल्डर उघडलं,
आणि ती खुर्चीतच जरा मागे सरकली,
दार आतून कुणी उघडावं तशी.

तिला नोकरी नको होती, प्रमाणपत्रही नको.
गेल्या साली नई सडकवरच्या दुकानदारानं
ऐंशी रुपये घेऊन खुशबूचा वजिफ्याचा फॉर्म भरला,
आणि खुशबूची 'खुशबो' केली.
एका मात्रेपायी वर्षभर खिडक्या,
आज साहेब नाहीत, उद्या सर्व्हर नाही.
या वेळी मात्रा मी देणार, म्हणाली.

नाव भरलं. शाळा भरली. उत्पन्न भरताना
आधी माझ्याकडे बघितलं, मग भरलं.
मग पानानं पासवर्ड मागितला.
असं काहीतरी, मी सांगितलं,
जे तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.
ती बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली.
"मेरा तो सबको सब मालूम है."
आणि मग, अचानक,
"उधर देखिए, मैडम."

मी रेमिंग्टनकडे बघितलं.
एका बोटाचे आवाज. सात. थांबली. आणखी दोन.
वळले तेव्हा स्क्रीनवर नऊ काळे ठिपके,
रांगोळीला घालतात तसे, सरळ ओळीत.
ते जोडायची मुभा
मलाही नव्हती.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं.
पण ओटीपी गेला जेठाच्या मोबाईलवर.
घरात नंबर एकच, कागदोपत्री तोच.
जेठ मालनपूरला, कारखान्यात, आठपर्यंत.
तिनं फोन लावला. कापला.
पुन्हा लावला. पुन्हा कापला.
दहा मिनिटं होती.
सहा आकडे कुणाच्या तरी खिशात
एकदा थरथरले आणि मेले.

एकतीस वर्षं मी बोट आणि कळ यांची गाठ घालते आहे.
याला कुठलं बोट लावायचं
ते नानांच्या तक्त्यात नाही.

रडली वगैरे नाही.
नंबर कुठे बदलतात, कुठले कागद, किती पैसे,
हे माझ्याकडून पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं
आणि बारा दिवस आलीच नाही.
मी तिचं नाव रजिस्टरात पेन्सिलीनं खोडलं.

काल आली. साडेचार वाजले होते.
पदराच्या गाठीतून एक स्वस्तातला फोन काढला,
काचेवरचं प्लॅस्टिक अजून तसंच.
नंबर तिच्या नावाचा.
बसताना फक्त एवढंच विचारलं,
तो आपला पासवर्ड आहे ना अजून,
की त्या सहा आकड्यांसारखा तोही गेला?

आहे, म्हटलं. तू बदलेपर्यंत राहतो.

तिनं हात पुसले. एकदाच.
"उधर..." म्हणाली,
तोवर मी खिडकीकडे वळलेच होते.