पेषणी

ब्लिटारच्या दवाखान्यात पाक कार्सोनो येतो,
मोटारसायकलच्या मागे तांदळाचं पोतं,
पोत्यात तीन कोंबड्या. दोन गार.
तिसरीची मान मागे, आभाळाकडे वळलेली,
कुणी हाक मारली होती आणि ती अजून ऐकतेय.

"तेतेलो," तोच म्हणतो.
जावात हे नाव शेंबड्या पोरालाही माहीत असतं.
"नाव नको डॉक्टरबाई. शिरलं कुठून ते सांगा."

पिसं ओली करून घेते, नाहीतर धूळ उडते
आणि धुळीबरोबर तेही.
कात्री चोचीपाशी ठेवते.
इथून. किंवा डोळ्याच्या कोपऱ्यातून,
पाण्याच्या एका थेंबाएवढी वाट पुरते.
श्वासनळी उभी चिरली, आत लाल शेंबूड.
"इथं ते वाढत होतं तेव्हा ती दाणे टिपत होती.
तुम्हाला काही कळलं नसतं."
मग रक्त. रक्ताला सगळी घरं ठाऊक.
पांथरी सुजून डागाळलेली,
राखणदारालाच आधी गाठलं.
पेषणीच्या वरचं धाकटं पोट उलगडते:
ग्रंथीग्रंथीच्या टोकावर एकेक लाल ठिपका,
कुणी बॉलपेनने खानेसुमारी करून गेल्यासारखा.
आतड्याच्या खालच्या वळणाशी काळ्या गाठी.
फुटलेला बलक पोटभर पिवळा.

मेंदू उघडत नाही.
तिथं नुसत्या डोळ्यांना फारसं दिसत नाही.
"मग तिथवर गेलं हे कसं कळतं?"
मी पोत्याकडे बघते.
तोही बघतो.

बऱ्याच वेळाने: "लेगीच्या बाजारातून कोंबडा आणला होता,
नातवाच्या सुंतेला. स्वस्तात. नीट खात होता.
दोन दिवस यांच्यातच बांधला.
पिसं मीच टाकली ओढ्याला."
"ओढ्याच्या खाली कोण राहतं?"
तो बोटांवर मोजू लागतो:
म्बाह तुकिनेम, वागिरान, मशिदीमागची ती विधवा...
करंगळीपाशी थांबतो.

शेवटी पेषणी. टणक, तांबडी, धडधाकट.
"इथं काही नाही," म्हणत चिरते.
वाळू, भाताचे चार दाणे,
आणि एक पांढरं बटण, कडेनं झिजलेलं.

त्याच्या सदऱ्यावर, वरून तिसऱ्या जागी, सेफ्टी पिन.
तो हात पुढे करतो.
"नाही. हे जाळावं लागेल."

बाहेर औषधाच्या बादलीत चपला बुडवून
तो अनवाणी उभा आहे.
पिन उघडतो,
पुन्हा तिथंच लावतो.