पूज्य

डंडीत डिसेंबरला साडेतीनलाच दिवे लागतात.
आमचं ऑफिस तागाच्या जुन्या गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर.
दमट दिवशी भिंतींना गोणपाटाचा वास येतो,
निदान मॉर्व्हेन तरी असं म्हणते,
तिची पणजी इथंच बॉबिनं बदलायची.

आम्ही वृद्धाश्रमांसाठी याद्या लिहितो.
औषधांची, ऍलर्जींची, भेटीला येणाऱ्यांची.
औषधांच्या यादीत माणूस घालायला गेलं
तर कंपायलर तिथल्या तिथं मनगट धरतो.

पण रिकामी यादी?
मी दर प्रकारासाठी नवी करत होते.
मॉर्व्हेनने शेरा मारला: एकच पुरे.
जिच्यात काही नाही, कधी काही जाणारही नाही,
तिला प्रकार कसला विचारतेस?
एकदा घडव, सगळ्यांना तीच दे.

मन घेईना.
माझ्या भाषेत रिकामं नुसतं रिकामं नसतं.
कागद कोरा, घर सुनं,
गळा ओका, हात भुंडे,
बांबू पोकळ, रान ओसाड.
सुना कागद कुणी म्हणत नाही,
आणि कोऱ्या घराला
अजून रंगाचा वास येत असतो.

तरी लिहिलं. एक ओळ, एक सक्तीचं रूपांतर.
कंपायलरने खाली पिवळी रेघ ओढली:
तुमच्या जबाबदारीवर.
बरं, माझ्या.

मग तपासलं.
खोली अकरा, मिस्टर ऑकिन्लेक, वय ब्याण्णव.
ऍलर्जी: काही नाही.
भेटीला: कोणी नाही.
विचारलं, या दोन्ही एकच का?
उत्तर आलं, हो.
मेमरीतला तोच पत्ता, शेवटच्या आकड्यापर्यंत.
जे नाही म्हणून डॉक्टर निर्धास्त,
जे नाही म्हणून ते खुर्ची खिडकीशी ओढतात,
ते एकाच दाराआड.

सरवटे मास्तर शून्याला पूज्य म्हणायचे.
पाचातून पाच गेले, पूज्य.
शुद्धलेखनात पार बुडाले तेव्हाही, पूज्य,
आणि वर्ग खिदळायचा.
शब्द एकच होता तेव्हाही.
मीच ऐकलं नव्हतं.

शनिवारी नोंद आली. भेटीला: एक.
जुन्या यादीला कुणी हात लावला नाही,
लावताच येत नाही.
नवी झाली. नाव पुढे बसलं
आणि नावाच्या पाठीशी, शेवटाला, तीच.
कितीही लांब असो, यादी तिथंच जाऊन थांबते.

मॉर्व्हेनने नोंद उघडली.
रेडिएटर दुरुस्त करणारा.
"हा धरायचा?"

प्रकार बरोबर होता. माणूस होता.
वीस मिनिटं खोलीत होता,
आणि टिपेत कुणीतरी लिहिलं होतं:
रहिवाशाने दोन कप मागवले.

धर, म्हटलं.