बारीक अक्षर

ग्रिम्सबीत वारा फिरला की
दुकानाच्या दारातून आधी मासळीचा वास येतो, मग गिऱ्हाईक.
आज आल्या डोरीन ऑल्थॉर्प, वय एक्क्याऐंशी,
शनिवारी नातीचं लग्न.
काउंटरवर चौतीस पौंडांची डबी ठेवून म्हणाल्या,
"वाच गं, माझा चष्मा घरी राहिला."

वाचते.
'सुरकुत्या चाळीस टक्क्यांपर्यंत कमी दिसतात.'
मनातल्या मनात मराठीत लावून बघते वाक्य,
तसं केलं की त्याचे सांधे दिसतात.
'पर्यंत' म्हणजे शून्यही चालेल.
'दिसतात' म्हणजे होत नाहीत.
'त्वचातज्ज्ञांनी तपासलेलं':
तपासलं असेल. काय आढळलं, ते लिहायला
जागा उरली नसावी.

समोर ठळक सोनेरी: दहांतल्या नऊ जणींना फरक जाणवला.
डबी उलटी केली, स्टिकरचं टोक नखाने उचललं,
गोळ्यांची नावं वाचायचं भिंग धरलं,
तेव्हा सापडल्या त्या जणी.
एकूण एकतीस. चार आठवडे. डबी फुकट.
अठ्ठावीस हो म्हणाल्या.
उरलेल्या तिघींचं मला फार बरं वाटलं,
फुकटचं लावलं, तरी मिठाला जागल्या नाहीत.

डोरीनबाई हसल्या.
बत्तीस वर्षं गोदीवर कॉड कापलेला,
बोटांत अजून त्या गारठ्याचा बाक.
"आम्हीही चिठ्ठी लावायचो की, 'ताजा',
अकरा दिवस बर्फात झोपून आलेल्याला.
खोटं नव्हतं गं ते.
आमच्याकडे तो त्याच दिवशी आलेला असायचा."

मग दीड पौंडाची पेट्रोलियम जेली घेतली त्यांनी.
उरलेल्या पैशांत केस सेट करून घेते म्हणाल्या,
ते शनिवारपर्यंत टिकतात.
दिवसभरात ऐकलेलं
हे एकच 'पर्यंत' खरं.

दुकान बंद करताना डबी परत फळीवर ठेवली,
सोनेरी बाजू पुढे करून.
पगार त्याचाच मिळतो.

घरी बाथरूमच्या कपाटात तिची धाकटी बहीण आहे,
स्टाफच्या सवलतीत घेतलेली, अर्धी संपलेली.
तिच्यावर फक्त 'तेज' लिहिलंय.
कराडच्या मामांनी माझ्या स्थळाच्या कागदावर
'निमगोरी' लिहिलं होतं.
निम म्हणजे किती, कुणी तपासलं,
कुणालाच विचारावंसं वाटलं नव्हतं. मलाही.

रात्री दोन बोटं लावतेच.
भिंग दुकानात राहतं.