हातचा एक

तीसवर चित्र येतं. साठवर काळोख.
किंग्ज लँगलीत सकाळपासून हेच.
ग्विलिमने केबल बदलली, मग मॉनिटर,
मग चहा केला
आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

मी आकडे छापून घेतले.
पाच लाख चौऱ्याण्णव हजार किलोहर्ट्झ
गुणिले दहा हजार.
पुढे चार शून्यं लावायची, बस्स.
यायला हवे पाच अब्ज चौऱ्याण्णव कोटी.
ड्रायव्हरचं उत्तर:
एक अब्ज चौसष्ट कोटी पन्नास लाख
बत्तीस हजार सातशे चार.
त्या सातशे चारचा ठामपणा बघत बसले.

बत्तीस घरांचं माप.
पायलीवर शीग चढली की दाणे निदान जमिनीवर सांडतात,
चिमण्यांना तरी मिळतात.
इथलं सांडलेलं कुठेच पडत नाही.
माप तळापासून पुन्हा भरू लागतं
आणि शपथेवर सांगतं, एवढंच होतं.

आधी भागून मग गुणलं.
बाकी मेली. चित्र आलं, पण थरथरत.
मग उत्तरासाठी चौसष्ट घरांचं माप आणलं.
पुन्हा काळोख.
ग्विलिमने त्या ओळीवर बोट ठेवलं, काचेवर ठसा उमटला.
"सांडून झाल्यावर मोठं भांडं आणलंस तू."
खरंच की. गुणाकार जुन्याच मापात उरकला होता,
उरलंसुरलं तेवढं मी ऐसपैस घरात नेऊन ठेवलं होतं.

एक शब्द उचलला,
गुणाकाराच्या अलीकडे ठेवला.
साठवर चित्र आलं:
कुठल्याशा बेटावरचे पोपट, नमुन्याचे, नेहमीचेच.
ग्विलिम कप धुवायला गेला.
बाहेर कालव्याच्या दाराशेजारून
जास्तीचं पाणी आपल्या वेगळ्या वाटेने जात होतं.
ती वाट आधीच खणून ठेवलेली,
दार बसवतानाच.

रात्री रेवाची वही.
अठ्ठावन्न अधिक सत्तावीस, पंचाहत्तर.
तिच्या शाळेत हातचा रेघेखाली लिहितात, बारीक.
मी तिला बोटावर धरायला शिकवलंय,
माझ्या शाळेसारखं, आणि त्यावरून
तिच्या मिस पेनहॅलोची चिठ्ठीही आली आहे.
"हातचा कुठे गेला?"
तिने रेघेखाली पाहिलं, मग माझ्याकडे.
"होता गं. पण कुठे धरू?
हातात पेन्सिल होती ना."