खडा

जालन्यात बियाण्याच्या कारखान्यात
पट्ट्यावरून सरकी येते, तूर येते, ज्वारी येते.
कॅमेरा एकेक दाणा बघतो, फुंकर मारतो,
नको तो दाणा बाजूच्या नळीत.
माणसांसाठीही तसाच डोळा आहे, दारावर.
आम्ही त्याला पंच म्हणतो.
चेहरा दाखवला की छातीवरचा दिवा लागतो.
हिरवा असेल तर आत,
पिवळा असेल तर साहेबाकडं,
लाल असेल तर गाडी येते.
कायद्यात एवढंच आहे.

मुंजाजी खिल्लारे लागला तेव्हा त्याचा दिवा हिरवाच होता,
सोलाण्यातल्या हरभऱ्यासारखा.
घोडके इनचार्जनं त्याचं नाव ठेवलं खडा.
डब्यात एरंडाच्या बिया, बुटात ग्रीस,
आणि रोज सकाळी माईकवर त्यानं म्हणायचं,
मी खडा आहे, मला वेचून काढा.
आम्ही हसायचो.
हसलं की आमचे दिवे लख्ख व्हायचे.
हे कुणी शिकवलं नव्हतं.
अख्खी पाळी एकाच्या जिवावर हिरवी.

मी पण हसले.
एकदा तर पोट धरून. ते आठवतं.

एका दुपारी तो म्हणाला,
"ताई, मपल्या डब्यातलं थोडं खाता का?
तुम्ही खाल्लं तर ते काही टाकायचे न्हाईत."
मी म्हणाले, माझा उपवास आहे.
मंगळवार होता.
मी मंगळवार धरत नाही.

दिवाळीच्या आधी
घोडके चाळणीत खांद्यापर्यंत वाकून अडकलेला गाळ काढत होता.
बटणापाशी मी होते.
मनात राग नव्हता, भीतीही नव्हती.
दहा दिवसांनी नळ येणार होता,
घागरी घासायच्या राहिल्या होत्या, एवढंच.
दाबलं.

संभाजीनगरला नेताना बदनापूरच्या पुढं तो गेला.

पंचानं सगळ्यांच्या छात्या तपासल्या.
लाल एकच.
मुंजाजी "मी न्हाई" सुद्धा म्हणाला नाही.
डब्याचं झाकण नीट बसवलं, गाडीत चढला.
पलीकडं सळईच्या भट्ट्या चालू होत्या.
तिकडचं आभाळ रात्रभर लाल असतं,
त्याला कुणी नेत नाही.

तिसऱ्या दिवशी दारात उभं राहून मी सांगितलं,
बटण मी दाबलं. ह्या बोटानं.
पंचानं चेहरा पाहिला
आणि दिवा लागला,
इतका हिरवा, की मागची पोरगी म्हणाली, अगंबाई.
"आपण निर्दोष आहात. कामाला लागा."
पुन्हा सांगितलं. पुन्हा हिरवा.
रांग खोळंबली.
बाई, डोक्यावर पडलीस का, कुणीतरी म्हणालं,
कुणीतरी हसलं,
आणि रांगेतले दिवे
माझ्यापासून शेवटापर्यंत लख्ख होत गेले.

आज डबा उघडला.
भाकरीखाली एरंडाच्या तीन बिया, धुऊन ठेवल्यासारख्या.
समोर ती मागची पोरगी जेवत होती.
तिला विचारावं म्हटलं, थोडं खातेस का?
मग आठवलं,
आज मंगळवार.