तंगूस

खडकवासल्याच्या काठावर शेजारी बसलेला पोरगा विचारतो,
"मावशी, तुम्हाला हा नाद कुणी लावला?"
त्याच्याकडे चकचकीत रीळ आहे,
खोका भरून प्लास्टिकचे खोटे मासे आहेत,
आणि उत्तर ऐकायला वेळ नाही.
मी म्हणते, वडिलांनी.
तसं ते खोटं नाही.

सत्त्याऐंशी साल. दापोडी. एप्रिल.
सहावीत होते, भूगोलाचा पेपर लवकर सुटला
म्हणून पुलाखालून, नदीच्या कडेकडेनं घरी निघाले.
चादरी वाळत घातलेल्या खडकांच्या पुढे
बाभळीखाली
कंपनीचा निळा शर्ट दिसला,
खिशाला आईनं दोनदा टाके घातलेला.
सकाळी पावणेसहाला डबा घेऊन
"येतो गं" म्हणून फर्स्ट शिफ्टला गेलेले अण्णा
नदीकडे बघत बसले होते.

मला बघून दचकले नाहीत.
नुसते थोडे सरकले,
एसटीत जागा करून द्यावी तसे.
"बस. बोलू नकोस. चिलापी आलीय."

मग बांबू हातात दिला.
तंगूस बोटाला किती गुंडाळायचं,
किती सोडायचं.
गांडूळ गळात कसं घालायचं:
सुईत दोरा ओवतात तसं नाही,
पायात मोजा चढवतात तसं.
तुटक्या स्लिपरचा निळा तुकडा पाण्यावर;
तो बुडाला तर ओढायचं.
"आणि नुसताच डुचमळून थांबला तर?"
"तर खाली कुणीतरी विचार करतंय."

कंपनीचं मी काही विचारलं नाही.
टाळं, गेट, युनियन
हे शब्द मला फार नंतर कळले.
तेव्हा एवढंच दिसलं
की डबा उघडलेला आहे, साडेदहालाच,
आणि अर्धी पोळी कुत्र्याला घातलेली आहे.

माझा पहिला मासा बोटाएवढा होता.
अण्णा म्हणाले, सोड.
मी नाही सोडला.
कंपासपेटीत घातला, कर्कटक आणि कोनमापकाच्या मध्ये,
झाकण दाबून धरलं घरापर्यंत.
आत तो दोनदा वाजला.
मग वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या पेपराला
अख्ख्या बाकाला वास.
पुढच्या बाकावरची शैला कुदळे नाक धरून मागे बघायची.
नव्वद अंशाच्या कोनावर एक खवला चिकटलेला,
तो मी नखानं काढला आणि
जिभेवर ठेवून बघितला, का कुणास ठाऊक.

आईनं ती पेटी संध्याकाळी
चिंच लावून घासली.
विचारलं काहीच नाही.
तिला मासे चालत नसत, वासही नाही;
अण्णा आणायचे ते "बोपोडीच्या बाजारातले" मासे
ती पदर नाकाला लावून करून द्यायची.
सोमवारी अण्णांचा डबा भरताना
मी स्टुलावर उभी होते.
पहिल्या पुडात भाजी.
दुसऱ्यात पोळ्या.
तिसऱ्यात, एरवी रिकाम्या जायच्या त्या पुडात,
कच्च्या कणकेचा गोळा,
हिंग लावून, तेलाच्या हातानं मऊ मळलेला.
आईनं झाकण लावलं, खटका दाबला,
आणि अण्णांना म्हणाली,
"उशीर होतोय तुम्हाला."

अण्णांनी डबा घेतला.
चपला घालायला त्यांना त्या दिवशी
खूप वेळ लागला.

पावसाळ्यानंतर त्यांना एका गोडाऊनवर
रखवालदारी मिळाली, रात्रीची.
बांबू माळ्यावर गेला. मग माझ्याकडे आला.
त्या बाभळीपाशी आता जलपर्णी आहे,
दगड टाकला तर आवाज येत नाही.

आई सत्त्याहत्तरची आहे.
रविवारी फोन करते, जेवलीस का विचारायच्या आधी
विचारते, "लागलं का काही?"
आणि मी नाही म्हटलं
की म्हणते, "हिंग कमी पडला असेल."

पोरगा केव्हाच पलीकडे गेलाय, वाऱ्याच्या बाजूला.
त्याला हाक मारून सांगावं का,
की तिथे उथळ आहे?
नको. बसू दे.