रीडिंग

मी मीटर वाचते. पोटासाठी.
हुडकेश्वर ते म्हाळगी नगर, रोज दीडशे घरं,
तोंडाला दुपट्टा, लू लागू नये म्हणून खिशात कांदा.
लोक भाडेकरू लपवतात, आकडा टाकलेली तार लपवतात.
मीटर काही लपवत नाही. सांगतही नाही.
नुसतं मोजतं.

हेमराज म्हणतो, तू विसरून राहिली आजकाल.
गॅस चालूच होता.
दुधाचे पैसे दोनदा दिले तू.
माझ्या बहिणीला फोनवर नाही नाही ते बोलली परवा,
आणि आता काऊन अशी पाहून राहिली?
हळू म्हणतो. आवाज कधीच चढवत नाही.
गल्ली त्याला देवमाणूस म्हणते.

वैशाखात ठरवलं, आपल्याही घराचं रीडिंग घ्यायचं.
आठला दोघं निघालो तेव्हा ४८१२.
सहाला मी परतले तेव्हा ४८१५.
बंद घर. फ्रिज धरून एक युनिट, फार तर सव्वा.
बाकीचे पावणेदोन कोण प्यायलं?
कूलरच्या ताटीवर हात ठेवला.
वाळा ओला. टाकी काठोकाठ.
सकाळी मी भरली नव्हती.
भरली होती का?

तूच भरली, तो म्हणाला, माझ्यासमोर.
आणि मला दिसलंसुद्धा:
बादली, नळ, बादलीच्या कडीवर माझा हात,
हातात हिरव्या बांगड्या.

मी ड्यूटीवर बांगड्या घालत नाही.

वही तुरीच्या डब्यात लपवली, डाळीखाली.
अकरा मे, तीन युनिट. बारा मे, साडेतीन.
तेरा तारखेचं पान माझंच, पेन माझंच,
पण ४८२९ मधल्या नवाचं शेपूट उजवीकडे वळलेलं.
मी नऊ असा काढत नाही.
हेमराजही नाही. त्याच्या किराण्याच्या यादीत पाहिलं,
नऊ नारळ, नवसाचे. कशाचा नवस, ते लिहिलं नव्हतं.

झाडताना पलंगाखाली काचेचा तुकडा मिळाला, हिरवा.
तो जिभेवर ठेवून पाहिला.
का, ते विचारू नका.
कपाटातल्या माझ्या डब्यात डझनाच्या बांगड्या
अकरा भरल्या.

उईके काकूंना विचारलं, भिंतीवरून,
दोरीवरचे कपडे काढता काढता,
दुपारी कोणी येतं का हो आमच्याकडे?
त्या हसल्या. मग हसू मध्येच राहिलं.
"तूच तं येते, पोरी. बारा-साडेबाराला.
चांगली साडी नेसून. हाक मारली तं वर पाहत नाही."

त्यांच्या पोराला मिहानमध्ये हेमराजनेच चिकटवलंय.
हे मला माहीत आहे.
की हेमराजनेच सांगितलं होतं?

आज सुट्टी टाकली. त्याला बोलले नाही.
सकाळी त्याच्यासोबतच निघाले, चौकापर्यंत गेले, वळले.
शेचाळीस डिग्री. गल्लीत कुत्रं नाही.
जिन्याखाली मीटरच्या पेटीसमोर अंगाची घडी करून बसलेय.
४९०३.
पेटीतला लाल दिवा सावकाश लुकलुकतो,
झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसा.
कुलूप बाहेरून मीच लावलंय.
किल्ली मुठीत, घामाने निसरडी.

बारा वीस.
आत कूलर सुरू झाला.
दिव्याला धाप लागली.
मग पाणी पडल्याचा आवाज, मग बांगड्यांचा,
मग हेमराजचा, हळू, समजुतीचा:
गॅस चालूच होता ना. विसरून राहिली तू.

कोणीतरी उत्तर देतं, हो, चुकलंच.
हा आवाज मी आजवर आतूनच ऐकलाय,
बाहेरून तो इतका पातळ असतो
हे कोणी सांगितलं नव्हतं मला.

४९०४.
वही काढते. वेळ टाकते, तारीख टाकते.
चार नीट येतो.
नवाशी पेन जरा थांबतं,
आणि शेपूट
उजवीकडे जातं.